पाण्यातला बांध

गुळाची कढई पाण्यावर सरळ जात नाही. तिला पुढचं तोंड नाही, मागचं शेपूट नाही. डाव्या अंगाला वल्हं मारलं की ती उजवीकडे गरकन फिरते, उजव्या अंगाला मारलं की डावीकडे, आणि माणूस जिथल्या तिथे बसून चारी दिशा बघत राहतो. सुरुवातीचे कितीतरी दिवस मी तेवढंच केलं. गावातली माणसं काठावर दात घासत उभी राहायची आणि हसायची. मला माणसांची आधीच भीती. कुणी नुसतं "काय गं" म्हटलं तरी माझ्या कानशिलात कढत व्हायचं. म्हणून मी पुढे पुढे गाव उठायच्या आत कढई पाण्यात लोटायला लागले. फिरायचंच आहे तर कुणी न बघता फिरावं.

परवा नातवानं मोबाईलमध्ये मला समुद्र दाखवला. कुठल्यातरी खाडीचं निळं पाणी, आणि त्यात एकेक माणूस लांबोळक्या लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या होडीत एकटाच बसून मासे धरतो आहे. अंगात फुगीर जाकीट, हातात दोन्हीकडं पातं असलेलं वल्हं, गळाची काठी खोचायला होडीतच भोक. नातू म्हणाला, "आज्जी, हे शिकावं लागतं, त्याचे क्लास असतात." मी बरं म्हटलं. खारं पाणी मी आयुष्यात बघितलं नाही. पण लाट आली की तो माणूस कमरेतून कसा ढिला होत होता, वर मान मात्र ताठ, ते बघून माझी कंबर बसल्या जागी हलायला लागली. सून म्हणाली, "काय झालं आत्या, पाय आखडले का?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

आमचं गाव सोनपेठकडं, गंगेच्या काठाला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. खाली कुठंतरी तिच्यावर भिंत बांधली आणि पाणी मागं मागं सरकत आलं. आमचं काळं रान नदीला लागून होतं, ते आधी गेलं. वर राहिला बरडाचा एक तुकडा. तिथं कुसळसुद्धा मनापासून उगवत नव्हतं. घरात आम्ही तिघंच. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणायची, माय आणि मी. थोरली बहीण लग्न होऊन बोरीकडं दिलेली. मी चौथीनंतर शाळेत गेले नाही, कारण पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागे आणि वाटेत बोलणारी माणसं भेटत.

आमच्या रानाला लागून दादांच्या थोरल्या भावाचं रान. त्यांना आम्ही आबा म्हणायचो आणि चुलतीला मोठीमाय. त्यांना लेकरूबाळ नव्हतं. दोघा भावांचं बांधावरून बिनसलं होतं. ह्यानं नांगरताना वितभर बांध कोरला, मग त्यानं हातभर कोरला, असं करत बांध बोटाएवढा राहिला आणि भावांचं बोलणं संपलं. भावांचं संपलं म्हणजे घरांचं संपलं. दोन घरांच्या मध्ये एक कुडाची भिंत. त्यांच्या चुलीवर भाकरी थापलेली आम्हाला ऐकू यायची, आमच्या खलबत्त्याचा ठोका त्यांना. पण बोलायचं नाही.

मग पाणी आलं आणि बांधच बुडाला. आता तरी मिटेल असं मायला वाटलं होतं. पण पहिल्या उन्हाळ्यात पाणी थोडं उतरलं, चिखलातून बांधाचा कणा वर दिसला, तेव्हा दादांनी काय केलं तर बांधाच्या आमच्या अंगाला लांब लांब बांबू ठोकले. दुसऱ्या दिवशी आबांनी त्यांच्या अंगाला ठोकले. पावसाळ्यात पाणी परत चढलं. बांध गेला, बांबूंची टोकं तेवढी वर राहिली, दोन रांगा, शेजारी शेजारी. दादा म्हणायचे, "पाणी सरकारचं असंल. खालचं रान माजं हाय. माज्या रानातला मासा बी माजा." लोक हसले. पण पुढच्या महिन्यात साऱ्या काठानं बांबू दिसायला लागले, ज्याच्या त्याच्या बुडालेल्या रानाला कुंपण. आम्ही शेतकरी माणसं. नुसत्या उघड्या पाण्याकडं कसं बघायचं ते आम्हाला येतच नव्हतं. वारा सुटला की आमचे आणि आबांचे बांबू एकमेकांवर आपटायचे, टकटक, टकटक, दिवसभर. तो आवाज डोक्यात शिरला की मला घरात एका जागी बसवत नसे. मी पाट उचलायची, परत ठेवायची, अंगणात जायची, आत यायची. माय म्हणायची, "कौशे, तुज्या पायाला काय भिंगरी बांदली का?"

कढई आमच्याच गुऱ्हाळातली. मोठी नव्हे, लहान. मी आडवी झोपले असते तर पाय बाहेर आले असते एवढी. ऊस बुडाला तेव्हा गुऱ्हाळही बसलं आणि कढई गोठ्यात उपडी पडून राहिली. दादांनी तिची भोकं डांबरानं बुजवली. आधी ते स्वतः बसून बघणार होते, पण काठालाच त्यांचा भार एका अंगाला आला, कढईनं पाणी घेतलं, आणि दादा कमरेएवढ्या पाण्यात उभे. त्यांना पोहता येत नव्हतं. मला येत होतं, आणि मी हलकी होते. वल्हं म्हणून धुणं धोपटायच्या धोपटण्याला लांब दांडा ठोकला. तंगुसाची लांब दोरी, गळ आणि डब्यात गांडुळं. झाली तयारी. दादांनी मला एकच गोष्ट बजावली. "त्या बांबूच्या पल्याड जायचं न्हाई. गेलीस तर तुला माजी आण हाय." त्या काळी आण म्हणजे गंमत नव्हती. आण मोडली तर ज्याची आण तो मरतो, हे मला सूर्य उगवतो एवढं पक्कं ठाऊक होतं.

हे सगळं कशासाठी, तर मुकादमासाठी. पोळा झाला आणि तो आमच्या अंगणात येऊन बसला. साखर कारखान्याच्या उसाला तो आमच्या भागातून तोडीला माणसं न्यायचा. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोघं. एकट्या माणसाला तिथं किंमत नाही. चहाची बशी फुर्र करून पीत तो म्हणाला, "पाव्हणं, तुमी दोगं एक कोयता झाला. पोरगी हाय अर्धा कोयता. माज्या भावाचं पोरगं बी अर्धंच हाय. दोन अर्धे जोडून टाकू, गाडीत बसवू. तुमची बी फिकीर मिटली, आमची बी."

माय आतून म्हणाली, "पाण्यानं रान नेलं. आता लेक बी चालली व्हय?"

"न्यायलोय कुटं वैनी? उसातच तर हाय. तुमच्या डोळ्यांम्होरं."

दादांनी तंबाखू चोळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "दसऱ्यापातूर थांबा. पाण्यातून काय निगतंय का बघायलोय."

"पाण्यातून?" मुकादम उठता उठता हसला. "बगा बगा. दसऱ्याला गाडी भरती. मंग जागा न्हाई म्हणू नका."

मी कुडाआड उभी होते. अर्धा कोयता. त्या दिवसापासून मी आरशात बघितलं की मला तेच दिसायचं. तो भावाचा पोरगा कसा असेल, काळा की गोरा, हे मनात आलं नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की दसऱ्यापर्यंत या पाण्यानं आमची चूल चालवली तर मी घरी, नाहीतर मी गाडीत.

आणि पाणी काही देत नव्हतं. आमच्या रानावरच्या पाण्यात बारकी चांदीसारखी मासळी मिळायची, मुठीत मावेल एवढी. ती मी अंगणात तीन दगडांवर शिजवायची. माय माळकरी, तिला मासा चालत नव्हता; घरातल्या चुलीवर तर नाहीच. ती उंबऱ्यात बसायची, तोंड दुसरीकडं करून, आणि वासावरून सांगायची. "येसर कमी पडलाय. चिंच टाक अजून. आता काढ, आता काढ, करपंल." एकदा मी म्हटलं, माय, तुला कसं कळतं? ती म्हणाली, "नाकाला कुटं माळ घातलीय?" दादा आणि मी ज्वारीच्या भाकरीबरोबर ते कालवण खायचो. तिघांचं पोट त्यावर भरायचं नाही. माय लसणाच्या चटणीवर राहायची.

मला शिकवलं ते मोठीमायनं. ती नदीकाठच्या दुसऱ्या गावची, लहानपणापासून पाण्यात वाढलेली. मी पाण्यात गरगर फिरते हे ती रोज काठावरून बघत होती. शेळी चारायचं निमित्त होतं. बोलायची तर बंदी. मग एके दिवशी सकाळी तिनं शेळीलाच हाक मारली, पाण्यावरून ऐकू जाईल अशी.

"काय गं शेळे, अकलंचा कांदा! पाणी बगलंतून मारलं तर गरगरशीलच की. पुढनं ओढ, पुढनं. वल्हं म्होरं घाल अन् आडवं आडवं हलीव, ताक घुसळल्यावानी."

शेळी बाभळीच्या शेंगा खात होती. मी इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. मी वल्हं पुढं घातलं, आडवं हलवलं, आणि कढई, बाई गं, कढई पुढे सरकली. मी एवढी घाबरले की वल्हं सोडूनच दिलं.

"शाब्बास शेळे," मोठीमाय म्हणाली. "आता टाकलेलं उचल."

तेव्हापासून रोज शेळीला धडे. "शेळे, गांडूळ अख्खं लावू नगंस. मासा काय तुज्यावानी हावरट न्हाई." "शेळे, हात कढईच्या काठावर आपटू नगं. लोखंड वाजलं की पाण्यात लांबपर्यंत दवंडी जाती." "शेळे, वारा सुटायच्या आदी घरी यावं. दुपारचा वारा कुणाच्या बापाचा न्हाई." मी मान हलवायची. उत्तर कधी दिलं नाही. एक तर बंदी, आणि दुसरं म्हणजे बंदी नसती तरी माझ्या तोंडून काय निघालं असतं?

दादांच्या कानावर गेलंच. जेवताना त्यांनी विचारलं, "ती बाई सकाळी सकाळी कुणाशी बोलायलीय?"

"शेळीशी," मी म्हटलं.

"शेळी मासे धरायलीय व्हय?"

माय भाकरी थापता थापता म्हणाली, "बोलू द्या की. शेळी तिची, तोंड तिचं. तुमचं काय जायलंय?"

दादांनी पुढची भाकरी ओढली. बंद करा असं मात्र म्हणाले नाहीत.

मी आता कढई नीट चालवत होते, पण मासा तोच, मुठीएवढा. मोठा मासा होता आबांच्या पाण्यात. त्यांच्या रानात माझ्या आज्यानं खणलेली दगडी विहीर होती, वाटणीत ती आबांकडं गेली. विहिरीवर कडुलिंबाचं मोठं झाड. आता विहीर तळाला, आणि लिंबाचा वाळलेला शेंडा पाण्याबाहेर, हात वर केल्यासारखा. त्या शेंड्याभोवती पाणी गोल गोल हलायचं, कधी कधी धपकन आवाज व्हायचा. मी बांबूंच्या अलीकडं कढई धरून तिकडं बघत बसायची. दसरा जवळ येत होता. हाताला काही लागत नव्हतं आणि मन एका जागी राहत नव्हतं. घरी गेले की पाण्यावर यावंसं वाटे, पाण्यावर आले की वाटे आता पलीकडच्या काठाला लागावं आणि चालत सुटावं, कुठं ते ठाऊक नाही. अजूनही संध्याकाळी मला असं होतं. परभणीच्या या घरात मी खिडकी ते दार, दार ते खिडकी फिरते, आणि सून म्हणते आत्यांना शुगर आहे, फिरणं चांगलं.

पितरांचे दिवस होते. त्या दिवशी सकाळपासून गळाला काहीच लागलं नाही, म्हणून मी वाऱ्याची वेळ झाली तरी उठले नाही. अजून एक बघू, अजून एक बघू. आणि वारा आला तो एकदम आला. आधी बांबू टकटकले, मग पाण्यावर काटा उठला, मग लाटा. वारा मला ढकलत होता आबांच्या रानाकडं. त्यांच्या रानाच्या पलीकडं नदीचं खरं पात्र, तिथं काठ नाही, झाड नाही, नुसतं पाणी. मी वल्हं पुढं घालून ओढायला लागले, आमच्या बाजूला. कढई दोन हात पुढं जायची, चार हात मागं. काठावरून पाणी आत आलं, माझ्या मांडीखाली साचलं. कढई जड झाली. बांबूंच्या रांगेला ती धडकली, मी एक बांबू कवटाळला. चिखलात ठोकलेला तो बांबू, किती टिकणार? तो वाकायला लागला.

समोर, दगड टाकला तर लागेल एवढ्यावर, लिंबाचा शेंडा होता. हात सोडला असता तर वाऱ्यानं मला सरळ त्याच्याकडंच नेलं असतं. एवढं साधं होतं. पण लिंब होता आबांच्या रानात. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त दादांचं तोंड, आणि ते डोळे मिटून पडलेत असं. मी बांबू सोडला नाही. उलट एका हातानं वल्हं मारून परत आमच्या पाण्यात शिरायचा प्रयत्न करत होते. पाण्यात, जिथं बांध नव्हता, रान नव्हतं, काही नव्हतं, तिथं मी बांध पाळत होते. शहरातला माणूस हे वाचून हसेल. पण आमच्या गावातलं कुणीही तिथं असतं तर त्यानं हेच केलं असतं.

काठावर मोठीमाय धावत आली. तिच्या डोक्यावरचा पदर सुटला होता.

"शेळे, सोड तो बांबू!" ती ओरडली. "शेळे, लिंब धर! लिंब धर गं!"

मी मान हलवली. नाही म्हणून.

"अगं सोड! वारं तुला नेऊन घालतंय, जा त्याच्यासंगं!"

मी रडायला लागले होते. मी ओरडले, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं, "आण हाय! दादाची आण हाय!"

शेळी मोठीमायच्या मागं येऊन उभी राहिली होती, तिला तिनं हातानं बाजूला सारलं. मग तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि म्हणाली, "कौशे! ए कौशे! मी बोलवायलेय तुला. मी, तुजी मोठीमाय. आमच्या रानात ये. तुज्या बापाची आण माज्या डोक्यावर. सोड!"

माझं नाव तिच्या तोंडून ऐकून मला इतकी वर्षं झाली होती की हात आपोआप सुटला. बांबू परत ताठ उभा राहिला. वाऱ्यानं मला उचललं आणि लिंबाच्या फांद्यांत नेऊन कोंबलं. गालाला खरचटलं, परकर फाटला. मी कढईच्या कडीचा दोर फांदीला बांधला, ओंजळीनं पाणी उपसलं आणि फांदीला मिठी मारून बसले.

वारा संध्याकाळपर्यंत पडला नाही. तोवर मोठीमाय काठावर बसून होती. आता शेळीचं सोंग संपलं होतं. "वरडू नगं आता, रडू बी नगं," ती म्हणाली. "बसलीच हायस तर गळ टाक. रिकाम्या हातानं गेलीस तर तुजा बाप म्हणंल बांध ओलांडून काय मिळिवलं." मी डब्यात बघितलं, गांडुळं जिवंत होती. मी गळ सोडला. तो विहिरीत गेला असणार, कारण दोरी जात राहिली, जात राहिली. आणि मग हाताला असा हिसका बसला की मी फांदी सोडून दोन्ही हातांनी दोरी धरली. काळीभोर मरळ, माझ्या कोपरापर्यंतच्या हातापेक्षा लांब. कढईत पडली आणि आपटायला लागली, लोखंड घंटेसारखं वाजायला लागलं.

"वाजू दे वाजू दे!" मोठीमाय टाळ्या पिटत होती. "आता जा घरी अन् बापाला म्हणावं, मोजणीवाला घिऊन ये. तुमची पोरगी अन् आमचा मासा, कुणाच्या हद्दीत सापडले ते मोजू द्या!"

मी परत आले तेव्हा दादा आमच्या काठाला उभे होते. त्यांनी किती पाहिलं होतं ते मला माहीत नाही. त्यांनी कढई ओढून घेतली. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग मरळीकडं.

"कुटं लागला?"

मला खोटं बोलता येत नाही. बोलायलाच येत नाही तर खोटं कुठलं. "विहिरीपाशी."

दादांनी पाण्याकडं बघितलं. बांबू अजून टकटकत होते. ते म्हणाले, "इहीर माज्या बापानं खांदलीय. इहिरीला आण लागू न्हाई." आणि मरळ उचलून घराकडं चालायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले, त्यांनी चूळ भरली, भाकरी मागितली. ते भाकरी खाताना मी दारात उभी राहून त्यांचा घास खाली उतरेपर्यंत बघत होते.

त्यानंतर मी रोज विहिरीवर गेले. मरळ लागायची, वाम लागायची, कधी काही न ओळखीचं. भावांचं बोलणं सुरू झालं नाही, तसलं काही झालं नाही. पण मी मासे टोपलीत घालून कुडाच्या कोपऱ्यात ठेवायची, मोठीमाय ते सोनपेठच्या बाजारात न्यायची, कारण माय माळकरी आणि मी अशी. आणि सांजच्याला त्याच कोपऱ्यात टोपली परत यायची. तिच्यात ज्वारी असायची, करडईचं तेल असायचं, मीठ, एकदा माझ्यासाठी काचेच्या बांगड्या. आमची चूल चालली. दोन्ही वेळा चालली. मायच्या गालावर मांस आलं.

दसऱ्याच्या आधी मुकादम आला. दादांनी त्याला अंगणात बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "आमचं भागायलंय. पोरगी न्हाई यायची. आमी बी न्हाई."

"मासे खाऊन?"

"मासे खाऊन."

मुकादम बशी खाली ठेवून उठला. जाताना तो आबांच्या दारात थांबला. मी बघितलं, पण मला वाटलं तंबाखू मागायला थांबला असेल. मी इतकी आनंदात होते की मला उभं राहवत नव्हतं, बसवत नव्हतं. मी नुसतीच कढई घासत सुटले, आतून बाहेरून, काही कारण नसताना.

दसरा झाला आणि सकाळी ट्रक आला. अर्धं गाव वेशीत जमलं. बोचकी, भांडी, कोंबड्यांची खुराडी, चुलीचे दगडसुद्धा लोक चढवत होते. मी पाण्याकडं निघाले होते, गर्दी टाळून, मागच्या वाटेनं. तेवढ्यात मला शेळीचं ओरडणं ऐकू आलं. बघितलं तर आबा खालून शेळीला ढकलत होते आणि मोठीमाय ट्रकवर उभी राहून तिचे पुढचे पाय धरून वर ओढत होती. तिच्या कमरेला नवा कोयता खोचलेला होता.

मी पळत घरी आले. "माय, मोठीमाय चालली."

माय धान्य निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मला काल कळलं."

"कामून? टोपली तर रोज..."

"एका इहिरीवर दोन घरं जगत न्हाईत, कौशे," माय म्हणाली. "टोपलीत काय काय यायचं, त्यातलं त्यांच्या चुलीवर काय ऱ्हायचं, हे तू कधी बघितलंस? भिंतीपलीकडनं वास यायचा मला. आठ दिस झाले, नुसत्या अंबाडीचा येतोय." मग ती म्हणाली, "त्यांना लेक न्हाई. इहीर आपल्याला सोडून जायचं तिनं ठरिवलं. आपल्याला काय ईचारलं तिनं?"

दादा अंगणात दोर वळत बसले होते. मायचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं. दोर त्यांच्या हातात तसाच थांबला. ते उठले, दारापर्यंत गेले, चौकटीला हात लावला. पुढं गेले नाहीत.

मी गेले. वेशीत सगळं गाव होतं, आणि मी त्या सगळ्यांच्या मधून गेले, ट्रकच्या मागच्या फळीपाशी. मला म्हणायचं होतं, उतर. मला म्हणायचं होतं, मी जाते, मी अर्धा कोयता आहे. तोंडात नुसती हवा आली. मोठीमायनं मला बघितलं. ती हसली. तिच्या शेजारी आबा खाली मान घालून बसले होते. ट्रक सुरू झाला, माणसं ओरडायला लागली, आणि त्या सगळ्या गलक्यावरून, नवऱ्यासमोर, मुकादमासमोर, अख्ख्या गावासमोर ती मला ओरडून म्हणाली, "कौशे! थंडीत मासा तळाला जातो! दोरी लांब सोड! ऐकलंस का? लय लांब सोड!"

मी मान हलवली. पण धुळीत, हलत्या ट्रकवरून, कुणाची मान हललेली कशी दिसणार?

रस्ता पाण्याला धरून जातो, पार वळणापर्यंत. मी पळत सुटले. लोक बघत होते, बघू दे. कढई लोटली, वल्हं पुढं घातलं आणि ओढत गेले, बांबूंच्या मधून, आमच्या रांगेतून, त्यांच्या रांगेतून, जिथून रस्ता समोर दिसतो तिथपर्यंत. ट्रक हळूहळू येत होता. कढईत कुणी उभं राहत नाही. मी उभी राहिले. एक हात डोक्यावर जाईल तेवढा उंच केला, तिला दिसावा म्हणून, आणि दुसऱ्या हातानं दोरी सोडायला लागले, आणखी, आणखी, हातात होती नव्हती तेवढी सगळी.